सरळ झालेलं तळं

“भेव वाटलं तरी तोंडातून काढाचं नाई, जये. बोललं का त्याले आपला पत्ता लागते.”

हा जयाच्या बापाचा आवाज. लहानपणी कानात शिरला आणि तिथेच घर करून राहिला. बापलेक मोहफुलं वेचायला गेले होते. झाडाखाली फुलांचा सडा, अंगावर त्यांचा गोड, जड वास. वारा नव्हता, तरी समोरचं गवत हललं. बापाने मान वर केली नाही की वेचणारा हात थांबवला नाही. फुलांशीच बोलावं तसा तो हळू बोलला. त्याचं नाव मात्र घेतलं नाही. जंगलात त्याचं नाव कोणी घेत नाही, ‘तो’ म्हटलं की पुरतं. गवत आणखी एकदा हललं, मग हललं नाही. टोपल्या भरून दोघं घरी आले. बाप पुढे म्हातारा होऊन आपल्या खाटेवर, आपल्या दुखण्याने गेला. वाक्य तेवढं लेकीपाशी राहिलं.

जयाने ते पाळलं. लग्न होऊन मोहतळीला आली त्या रात्री परक्या घराचा अंधार छातीवर बसला, ती बोलली नाही. मुलगी होताना दवाखान्याची गाडी नाल्यापाशी रुतली, तेव्हाही दात दाबून राहिली. नवरा हेमराज दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातो. तो गाडीत चढला की ती हसून हात हलवते आणि गाडी दिसेनाशी होईतो हात खाली घेत नाही. सासू गिरजा, जिला ती माय म्हणते, शेजारणींना अर्धं कौतुकाने आणि अर्धं टोमण्याने सांगायची, “माह्या सुनंचं काळीज लोखंडाचं हाय. वाजवून पाहा, टन् करते.”

अशा बाईच्या हाती गावाने भोंगा दिला.

मोहतळी म्हणजे चिमूरकडून येणारा रस्ता जिथे जंगलात शिरतो तिथलं तळ्याकाठचं गाव. ढिवरांची वस्ती मोठी. तळ्यात मासे धरायचे, पाऊस पडला की धानाच्या बांधीत राबायचं. अलीकडे तो फारच जवळ येऊ लागला, तेव्हा तळ्याभोवतीच्या झाडांना कॅमेरे बांधले गेले. त्यांच्यापुढून तो गेला की फोटो थेट गावातल्या खोलीत यायचा, नकाशावर लाल ठिपका उमटायचा आणि जया भोंग्यावरून सांगायची की तो अमक्या अंगाला आहे, तमक्या वाटेने या. बोलायची रीतही वनखात्याच्या साहेबांनी तिला शिकवून ठेवली होती. आवाज शांत ठेवायचा, घाई करायची नाही, आणि शेवटी न चुकता म्हणायचं : घाबरू नका.

खोली तळ्याच्या काठाला, समोरची पाळ, म्हणजे मातीचा बांध, हाकेच्या अंतरावर. मध्ये पाणी आणि खोल गाळ, म्हणून पाळीवरून गावात यायच्या वाटा दोनच, दोन टोकांनी. टेबलाला लागून खिडकी, आणि खिडकीत अख्खं तळं. डाव्या हाताला मोहाची झाडं, उजव्या हाताला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची दगडी वाट. टेबलावर कॉम्प्युटर, त्यात लिनक्स. सुरू होताना पडद्यावर एक गोलमटोल पेंग्विन बसलेला दिसायचा आणि जयाची मुलगी त्याला बगळा म्हणायची. पडदे दोन. एकावर कॅमेऱ्यांचे फोटो, दुसऱ्यावर फक्त नकाशा.

आणि तो नकाशा उलटा होता. चुकून नव्हे, गावाने ठरवून.

त्याचं असं झालं. सुरुवातीला नकाशा होता तसाच, उत्तर वर ठेवून, लावला होता. पण खिडकी दक्षिणेला. खिडकीत मोह डाव्या हाताला आणि पडद्यावर उजव्या हाताला. गावच्या बचाव पथकाचे मुखरूभाऊ पहिल्याच इशाऱ्याला धावत खोलीत आले, पडद्यावर उजवीकडे ठिपका पाहिला आणि काठ्या, डबडी वाजवत पथक घेऊन उजवीकडे, सांडव्याकडे पळाले. तिकडे मोहाखाली एक अस्वल निवांत फुलं खाऊन, पोट भरून निघून गेलं. गाव चार दिवस हसलं. “मुखरूभाऊ, अस्वलानं तुमची लय वाट पाह्यली.” मुखरूभाऊ हसले नाहीत. ते जयाला म्हणाले, “पोरी, धावनारा मानूस आधी पाय टाकते, मंग अक्षर वाचते. खिडकीत जसं तळं हाय तसंच या डब्ब्यात ठेव.”

नकाशा फिरवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. पण पडदा फिरवायची सोय लिनक्समध्ये होती. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन जयाने दुसऱ्या पडद्याची दिशा उलटी केली. मशीन बंद होऊन चालू झालं की पडदा पुन्हा सरळ व्हायचा, म्हणून फोनवर विचारून विचारून एका ओळीचा हुकूम तिने असा बसवला, की पेंग्विन गेला की तो हुकूम आपोआप चालावा. तेव्हापासून खिडकीतलं तळं आणि पडद्यावरचं तळं एक झालं. गावांची, पाळींची, नाल्यांची नावं डोक्यावर उभी राहिली, पण आपल्या गावची नावं वाचायची गरज कोणाला. एक अडचण राहिली. पडदा उलटा केल्यावर माऊस डावीकडे नेला की बाण उजवीकडे पळायचा. त्यावर मुखरूभाऊंनी हसत तोड काढली होती : “पडदा उलटा, तं उंदीरबी उलटा धर. शेपूट आपल्याकडं.” जया तसाच धरायची.

ही सगळी गोष्ट गावाबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

वैशाखात तळं आटून निम्म्यावर आलं. अशा दिवसांत जंगलातले झरे सुकतात आणि ज्याला त्याला तळ्याचीच वाट धरावी लागते, माणसालाही आणि त्यालाही. त्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून प्रफुल आला, मशीनमध्ये नवं अपडेट घालायला. पोरगा भला, बोलायला गोड. जया त्याच्या चहासाठी हातपंपावर पाणी आणायला गेली. ती परतली तोवर त्याचं काम उरकलं होतं. मशीन आता झपाट्याने चालेल, तो म्हणाला, चहा प्याला, आणि पुढच्या गावाला निघून गेला. ताईंचा एक पडदा उलटा झालाय, मान वाकडी करून बघत असतील बिचाऱ्या, असं त्याच्या मनात आलं होतं. हातासरशी त्याने तो सरळ करून टाकला होता आणि सुरुवातीला चालणारी ती एक ओळ पुसून टाकली होती. एवढीशी गोष्ट सांगायची काय, म्हणून सांगितली नाही.

तो गेला आणि त्याच्या मागोमाग लाईन गेली. दोन्ही पडदे काळे झाले.

दिवस कलायला लागला तेव्हा लाईन आली. पेंग्विन बसला आणि उठून गेला. खिडकीबाहेर गिरजा आणि तिच्या चार सोबतिणी तळ्याच्या मध्याला चिखलात उभ्या राहून मासे धरत होत्या. मायचं गाणं पाण्यावरून येत होतं, तिचं स्वतःचंच, जोडत जाणारं :

*पानी गेलं खोल खोल, पाळ एकली राह्यली,*
*माह्या जीवाची मासोई कोन्या जाळ्यात गवली.*

जया ऐकत होती, तोच मशीन किंचाळलं.

पहिल्या पडद्यावर फोटो उघडला. वाळकं गवत, बांबूचं एक बेट, आणि त्यातून अर्धा बाहेर आलेला तो. अंगावर पट्टे, मान खाली, खांदे वर. गवत आणि बांबू तळ्याभोवती सगळीकडे सारखेच. फोटोवरून जागा कळत नव्हती. दुसऱ्या पडद्यावर नकाशा जवळ येऊन थांबला. आडवा निळा पट्टा म्हणजे तळं, आणि त्याच्या उजव्या टोकाला लाल ठिपका.

उजवीकडे. सांडव्याकडे.

जयाने माईकचं बटण दाबलं. तिचे तळहात ओले झाले होते, पण आवाज शिकवल्यासारखा सरळ निघाला. तो सांडव्याच्या अंगाला आहे. तळ्यातल्या बायांनी सांडव्याकडून येऊ नये, मोहाकडून यावं. घाबरू नका.

बायांनी जाळी गोळा केली. टोपल्या डोक्यावर चढल्या. गिरजा पुढे, बाकीच्या मागे, अशी ओळ पाळीवर आली आणि डावीकडे, मोहाकडे चालू लागली. मायचं गाणंही तिच्याबरोबर चालू लागलं. जयाने मुखरूभाऊंना फोन लावला. लागला नाही. सकाळीच गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याने कोणाचं वासरू पाडलं होतं, भाऊ पथक घेऊन तिकडे गेले होते आणि तिकडे रेंज नसते.

फोन ठेवताना तिची नजर पुन्हा नकाशावर गेली, आणि तिने वाचलं : ‘मोहाची पाळ’.

लाल ठिपक्याच्या शेजारी ती अक्षरं होती. लहान, काळी, नीट पायांवर उभी. ती वाचता आली, म्हणून जयाने ती पुन्हा एकदा वाचली. कित्येक महिन्यांत या पडद्यावरचं एक अक्षर तिला वाचता आलं नव्हतं. अक्षरं सरळ होती. म्हणजे तळं उलटं होतं. म्हणजे उजवं ते डावं होतं. म्हणजे तिने बायांना, आपल्या सासूला, त्याच्या तोंडाकडे चालायला लावलं होतं.

तिने बटण दाबलं. थांबा, हाव तिथीच थांबा, घाबरू नका, एवढंच बोलली. पाळीवरची ओळ थबकली. गाणं तुटलं.

आता काय सांगायचं? म्हटलं तर सोपं होतं. उजवं दिसतंय ते डावं समजायचं. पण भीतीला डावं-उजवं नसतं. ती एकदा नकाशाकडे बघे, एकदा खिडकीकडे, आणि तळं तिच्या डोळ्यांपुढे जात्यासारखं फिरे. नावावर तरी विश्वास ठेवावा? त्या नावांचे ठिपके कोणी दूर बसलेल्या माणसाने लावलेले. ‘स्मशान’ त्यांनी शाळेपाशी दाखवलं होतं. एकदा ती चुकली होती. आता दुसऱ्यांदा चुकली तर पाळीवर टोपली राहील आणि खाली माणूस नसेल. तिला नकाशा आपल्या खिडकीसारखा हवा होता, रोजच्यासारखा, डोळ्यांनी एका दमात पटणारा.

तिने काळी खिडकी उघडली, ज्यात हुकूम टाईप करतात ती. ओळ तिला आठवत होती. दोनदा खोडली, तिसऱ्यांदा बरोबर बसली. मशीनने थंडपणे उत्तर दिलं की या नावाचा पडदा सापडत नाही. सकाळच्या अपडेटने पडद्याचं नावच बदललं होतं. नवं नाव शोधायचं कसं, ते त्या क्षणी तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं.

बाहेरून मायचा आवाज आला. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. “कावं बाई, किती उभं ठेवतं? मासे सडतीन ना.”

जयाने सेटिंग उघडलं. डिस्प्ले. दुसरा पडदा. दिशा. उलटी. लागू करा.

नकाशा गर्रकन फिरला. ठिपका डावीकडे आला. त्याच पडद्यावर एक चौकोन उघडला, डोक्यावर उभा : हा बदल ठेवायचा का? खाली आकडे उतरत होते. ते संपायच्या आत ‘ठेवा’ दाबलं नाही, तर मशीन स्वतःच सगळं पूर्ववत करतं. तिने माऊस बटणाकडे नेला, बाण भलतीकडे पळाला. वर नेला, खाली गेला. आकडे उतरत राहिले. बाण पडद्याच्या काठावर जाऊन डास आपटावा तसा आपटत राहिला, आणि चौकोन विझला. नकाशा फिरला. ठिपका पुन्हा उजवीकडे.

आता तर तिला शपथेवर सांगता आलं नसतं की खरं कोणतं.

खिडकीत बायांची चुळबुळ दिसत होती. एकीने डोक्यावरचं ओझं सावरलं. मायने मान वळवून खोलीकडे पाहिलं, मग मोहाकडे. उन्हाचा शेवटचा पट्टा झाडांच्या शेंड्यांवर होता. खोडाखाली काळोख साचायला लागला होता. तिथून एक मोर ओरडत उडाला. मोर उगीच उडत नाही.

जयाच्या हाताखाली माऊस घामाने निसटला, टेबलावर फिरून पडला. त्याची शेपटी तिच्याकडे झाली. शेपूट आपल्याकडं. मुखरूभाऊंचा तो थट्टेतला आवाज तिला आठवला आणि तिने माऊस तसाच, उलटाच, मुठीत धरला. दिशा. उलटी. लागू करा. नकाशा फिरला, चौकोन उघडला. हात डावीकडे, बाण डावीकडे. आकडे उतरत होते. हात वर, बाण वर. तिने दाबलं.

चौकोन गेला. नकाशा राहिला. खिडकीत तळं, पडद्यावर तळं, दोन्ही एक. लाल ठिपका डाव्या टोकाला, मोहात. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो तिथून हलला. एक कॅमेरा सोडून दुसऱ्या कॅमेऱ्यावर, पाळीकडे.

तिने बटण दाबलं. बापाने शिकवलेलं आणि साहेबांनी शिकवलेलं, दोन्ही शहाणपणं तिच्या गळ्यात एकदम येऊन बसली आणि आवाज नेहमीसारखाच, तेल लावून विंचरल्यासारखा निघाला. आधी सांगितलं ते चुकलं. तो मोहाच्या अंगाला आहे. मोहाकडे जाऊ नका, मागे फिरा, सांडव्याकडून या. घाबरू नका.

पाळीवर बाया हसल्या. जयाला ते हसू ऐकू आलं. मोहाची झाडं आता त्यांच्यापासून थोडीच दूर होती, सांडवा पार मागे. मायने हात वर करून तिला ऐकू जाईल असं म्हटलं, “आधी इकडून ये म्हनते, मंग थांब म्हनते, आता तिकडून ये म्हनते. अन वरून घाबरू नोका म्हनते. घाबराचं नाई तं हे चाललो आमी घरी.”

आणि चालू लागली. ताठ मानेने, डोक्यावर ओली टोपली, टोपलीतून पाणी ठिबकत. मागे बाकीच्या. माय पुन्हा गाऊही लागली.

जयाने पुन्हा सांगितलं. तोच आवाज, तेच शब्द. रोज ऐकून गुळगुळीत झालेले शब्द. पाखरं परतताना जसा रोजचा कलकलाट होतो तसा तो भोंगा गावाच्या कानाला झाला होता. कोणी थांबून ऐकत नव्हतं. आणि का थांबावं? इतक्या महिन्यांत या आवाजाने एकदाही थरथरून दाखवलं नव्हतं. लोखंडाचं काळीज. वाजवून पाहा, टन् करते.

पडद्यावर नवा फोटो उघडला. पाळीचे दगड दिसत होते. तो दगडांजवळ, गवतात दबून बसलेला, शेपटीचं टोक तेवढं वर. तो पाळीकडेच बघत होता.

पाळीवर टोपली चालत होती.

जयाचं बोट बटणावर होतं. फुलं वेचता वेचता बोलला होता तसा बाप तिच्या कानात बोलत होता. बोललं का त्याले आपला पत्ता लागते. पण त्याला पत्ता लागला होता, बा. सगळ्यांचा पत्ता त्याच्याजवळ होता. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ती माणसं पाळीवर गात चालली होती.

“माय.”

भोंग्यावर कधी कोणाला हाक मारली जात नसे. सगळं गाव त्या एका शब्दाला थांबलं असावं. टोपली थांबली.

“माय, मले भेव वाटते.”

आवाज फाटला. भोंग्यातून तो तसाच फाटका बाहेर पडला, तळ्यावरून गेला, मोहाला आदळून परत आला. गाणं बंद झालं होतं. मायने खोलीकडे तोंड केलं. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त एक हात हळूच टोपलीवरून खाली येताना दिसला. मग ती वळली. मागच्या बाईच्या खांद्याला तिने हात लावला, काहीतरी हळू सांगितलं. ओळीचं शेपूट तोंड झालं, आणि ओळ सांडव्याकडे चालू लागली. कोणी पळालं नाही. कोणी मागे पाहिलं नाही. सगळ्यात शेवटी माय, मोहाकडे पाठ करून.

पडद्यावरचा लाल ठिपका पाळीपाशी तसाच राहिला. हलला नाही.

आता बटणावरचं बोट उचलायला हवं होतं. जयाला ते उचलता येईना. खिडकीतली टोपली एकेक पाऊल उजवीकडे सरकत होती, पडद्यावरचं तळं आणि खिडकीतलं तळं तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात एक झालं होतं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, पण एकट्या सासूशी बोलावं तसं हळू, ती म्हणाली,

“आजचं नाई, माय. लहान होती तवापासून वाटते.”